अंथरुणावरच्या माणसाला आंघोळ घालताना

वैजूताई

गेल्या महिन्यात एका घरी ड्रेसिंगसाठी बोलावणं आलं. आजी ७८ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, टाक्यांची एक कड ओली राहिली होती. खोली स्वच्छ, आजींची वेणी घातलेली, कपाळाला कुंकू, अंगावर इस्त्रीचा गाऊन. रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी उशाशी उभी. सूनबाई म्हणाल्या, "रोज स्पंज करते हो ती, एक दिवस चुकवत नाही." माझं ड्रेसिंग झालं आणि सवयीने मी म्हटलं, जरा कुशीवर घेऊ या. मुलगी गडबडली. दोघींनी मिळून आजींना वळवलं. माकडहाडावर चार बोटं रुंद काळी खपली, कडेने लाल-जांभळी सूज, आणि पावडरचे ओले गोळे त्वचेला चिकटलेले.

तीन आठवडे रोज त्यांचं अंग पुसलं जात होतं. पुढून.

मुलगी रडायला लागली. "मॅडम, पाठ वळवायला मला कुणी सांगितलंच नाही. एकटीने वळवलं आणि पायाला काही झालं तर? म्हणून मी भीतीने हातच लावला नाही." तिला मी काय बोलणार? खुब्याच्या ऑपरेशननंतर वळवताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची असते, ही ओळ डिस्चार्जच्या कागदावर नव्हती. कागदावर गोळ्या होत्या. आजींना त्याच दिवशी परत दाखल केलं, सर्जननी मेलेली कातडी काढली. जखम अजून भरतेय.

मी १९९६ ची जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. बावीस वर्षं सरकारी वॉर्डात काढली, आता नाशिकला घरी जाऊन रुग्ण बघते. इंजेक्शन, सलाइन, नोंदवही सिस्टरची आणि अंग पुसणं मावशीचं किंवा नातेवाइकांचं, ही वाटणी मी सगळीकडे पाहिली. ती मला कधीच पटली नाही. हलता न येणाऱ्या माणसाचं सगळं शरीर चोवीस तासांत उजेडात दिसतं ते फक्त आंघोळीच्या वेळी. टाचेवरचा लाल डाग, जांघेतला ओलसर चट्टा, पोटरीला आलेली एकाच बाजूची सूज, कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) तोंडाशी साचलेली घाण, आणि कुठून आला ते कुणी न सांगितलेला दंडावरचा काळानिळा वण. हे सगळं त्या वीस मिनिटांत कळतं. जो आंघोळ घालतो त्याला ते दिसतं, आणि दिसलं ते काय आहे हे त्याला कळायला हवं.

माझी पद्धत सांगते. आधी विचारायचं. "आजी, अंग पुसू या का?" बेशुद्ध माणसालाही सांगायचं की आता उजवा हात घेते. लघवी करून घ्यायची, पंखा बंद, दार-खिडकी बंद. सगळं सामान हाताशी, कारण रुग्णाला कुशीवर ठेवून टॉवेल आणायला गेलं की तो पडतो. दोन भांडी: एक साबणाच्या पाण्याचं, एक साध्या. पाणी बाळाच्या आंघोळीइतकं कोमट, थर्मामीटर असेल तर ४० अंशांच्या आसपास. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघायचं. बोटांवर जाऊ नये, स्वयंपाक करणारी बोटं खोटं सांगतात. रुग्णाच्या बधिर हाताला तर विचारायचंच नाही.

अंगावर चादर कायम. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा, पुसून कोरडा केला की झाकायचा. सुरुवात डोळ्यांपासून, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे, आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचं दुसरं टोक. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय. काखा, स्तनांखालची घडी, पोटाची वळी, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या इथे थांबायचं. साबण राहता कामा नये, ओल राहता कामा नये. घासून कोरडं करायचं नाही, टॉवेल दाबून टिपायचं. मग पाणी बदलून पाठ.

शेवटी गुप्तांग, पुन्हा नवं पाणी आणि वेगळं कापड. बाईचं पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही. पुरुषाच्या लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरत असेल तर हलकेच सारून पुसायचं, आणि ती परत पुढे आणायला विसरायचं नाही. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते, मग धावपळ. कॅथेटर असेल तर तोंडाशी नळी एका हाताने धरून शरीराकडून बाहेर पुसत जायचं, ओढायचं नाही. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कमरेच्या खाली लटकलेली, पण जमिनीला टेकलेली नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणात होत्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून दाबाने होणारी जखम, त्यांनी होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालातही घेतली. त्यासाठी कुठलं महागडं यंत्र नव्हतं. रोज कुणीतरी त्यांना वळवत होतं, पुसत होतं, बघत होतं. मी हे शिकणाऱ्या मुलींच्या दर बॅचला सांगते, आणि दर वेळी गळा भरून येतो.

तुमच्या घरी किंवा वॉर्डात काय अडतं ते लिहा. सुचेल ते सांगेन.

पारिजात

ताई, वाचताना हात गार पडले. आईला मार्चमध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. मीच करते सगळं. गाऊन काढताना दर वेळी तिचा डावा हात ओढला जातो आणि ती कळवळते. बोलता येत नाही, पण डोळ्यांत पाणी येतं. काय चुकतंय? आणि मी एकटी आहे, वजन ६५ किलो, कुशीवर कसं घेऊ? पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण टाकते, ते बरोबर आहे ना?

वैजूताई

पारिजात, कपडा काढताना आधी चांगला हात, मग दुबळा. घालताना उलट: आधी दुबळा, मग चांगला. म्हणजे दुबळ्या हाताला कधीच वाकवावं लागत नाही. सलाइन लावलेल्या हातालाही हाच नियम. आणि त्या हाताला धरून तिला कधीही वर ओढू नका, पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल होतो.

वळवायचं असं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभ्या राहा. पलंगाची दुसरी बाजू भिंतीला लावून घ्या. आईला आधी भिंतीकडे थोडं सरकवा, म्हणजे वळल्यावर ती कडेला येणार नाही. तुमच्या बाजूचा तिचा हात अंगापासून बाजूला. लांबचा हात छातीवर आडवा, लांबचा गुडघा वाकवून पाय टेकवलेला. आता एक हात तिच्या लांबच्या खांद्यावर, एक लांबच्या कुल्ल्यावर, आणि "आई, माझ्याकडे ये" म्हणत आपल्याकडे घ्या. गुडघा वाकवला की कंबर आपोआप येते, ताकद लागत नाही. डाव्या कुशीवर घेताना डावा खांदा अंगाखाली दबत नाही ना हे बघा, तो किंचित पुढे काढून घ्या. पाठीला उशी लावली की तुमचे दोन्ही हात मोकळे.

जंतुनाशक नको. अंगाच्या पाण्यात त्याची गरज नसते, वयस्क त्वचा सुकते, आग होते, चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. सौम्य साबण, तोही घाम आणि घाण साचते तिथेच. हातपाय नुसत्या पाण्याने पुसले तरी चालतं.

गिरणाकाठ

कुठे विचारायचं कळत नव्हतं म्हणून इथे लिहितो. आम्ही दोघं भाऊ, बहीण नाही. वडील गेले. आईला पार्किन्सन्स, आता उठता येत नाही. बायको नोकरीला, सकाळी सातला निघते. दुपारी डायपर मीच बदलतो. आईला ते सहन होत नाही. ती मांड्या आवळून धरते, तोंड भिंतीकडे करते. मीही घाईघाईने, न बघता उरकायचो. वाटायचं तिची लाज राखतोय. महिन्याभरात लघवीचं इन्फेक्शन, थंडी वाजून ताप, चार दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले स्वच्छता नीट होत नाहीये. त्या दिवसापासून झोप लागत नाही. ज्या बाईने मला न्हाऊमाखू घातलं तिचं मला करता येत नाही.

सिद्धेश्वर_ब्रदर

गिरणाकाठ दादा, मी सोलापूरकडचा, चौदा वर्षं स्टाफ नर्स. पुरुष असल्याने तुमची अडचण मला रोज येते. मी काय करतो ते सांगतो.

बाई रुग्ण असेल तर आधी सिस्टर किंवा मावशी मिळते का बघायचं. रुग्ण हक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टर तपासत असताना बाई रुग्णाजवळ दुसरी बाई असण्याचा हक्क सांगितला आहे, मी तोच भाव या कामालाही लावतो. कुणीच नसेल तर तोंडाने सांगत करायचं, गप्प राहून नाही. चादर गुडघ्यांवर तंबूसारखी ठेवायची, तिच्या खालून काम. आईंचा हात थोडाफार चालत असेल तर ओलं कापड त्यांच्याच हातात द्या. "आई, तू पूस, मी कापड बदलून देतो." जेवढं जमेल तेवढं त्यांना करू द्या, राहिलेलं तुम्ही. आपलं आपण पुसलं की माणसाचं मन शांत होतं, हे मी कितीदा पाहिलंय. पार्किन्सन्सच्या गोळीनंतर ज्या वेळी अंग जरा मोकळं असतं ती वेळ धरा. तुम्ही मांड्या आवळल्या म्हणताय, त्यात लाजेइतकाच ताठरपणाही असेल.

आणि बघून करा. न बघता केलं की घडीत मळ राहतो. आईकडे बघायचं नाही, कामाकडे बघायचं.

वैजूताईंना एक पुस्ती. वॉर्डात स्वच्छता का होत नाही, तर माणसंच नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष विद्यार्थी शिकतात अशा रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ मागे १. मी रात्रपाळीला एकटा ४० बेड सांभाळलेत. चाळीस जणांच्या इंजेक्शनातच पहाट होते. मग नातेवाइकाला सांगतो, "पुसून घ्या हो." कसं पुसायचं ते शिकवायला पाच मिनिटं नसतात. दोष कुणा एकाचा नाही, पण रुग्णाची पाठ जाते हे खरं.

बेडसोअरचा धोका मोजायचा तक्ता, ब्रेडन स्केल, मात्र भरतोच. १९८७ पासून जगभर वापरतात. जाणीव, ओल, हालचाल, चालणं, जेवण, घसटणं अशा सहा गोष्टींना गुण, बेरीज जास्तीत जास्त २३, जितकी कमी तितका धोका जास्त. १८ किंवा खाली आली की त्या बेडवर मी लाल पट्टी चिकटवतो. मग मावशींनाही कळतं की याला दर दोन तासांनी वळवायचं. मावशी सगळ्यात चोख करतात.

आणि भांडी! अंग पुसायच्या पाण्याचं एकच बेसिन वॉर्डात दहा जणांना फिरतं. अमेरिकेत २००९ साली तीन रुग्णालयांतली ९२ बेसिन तपासली तर ९८ टक्क्यांत जंतू वाढले. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं बेसिन नसेल तर निदान घासून, पूर्ण कोरडं करून, पालथं ठेवा. त्यात टूथब्रश, कंगवा भरून ठेवू नका.

गिरणाकाठ

ब्रदर, धन्यवाद. गोळी सकाळी आठला असते. उद्या साडेनऊला करून बघतो. कापड तिच्या हातात द्यायचं, हे सुचलंच नव्हतं.

निवृत्त_इनचार्ज

मी १९७८ च्या बॅचची. आम्हाला पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर, हे दिवसातून दोनदा करायला शिकवलं होतं. मॅट्रन राउंडला आल्या की पाठ उघडून बघत. माझ्या वॉर्डात बेडसोअर झाला की मी रात्री जेवत नसे. आता सगळे म्हणतात स्पिरिट वाईट, पावडर वाईट, चोळणं वाईट. मग आम्ही इतकी वर्षं काय केलं?

वैजूताई

सिस्टर, तुमच्यासारख्यांच्या हाताखाली मी शिकले, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुमच्या वॉर्डात बेडसोअर होत नव्हते ते तुमच्या डोळ्यांमुळे. स्पिरिट चोळायचं म्हणून दिवसातून दोनदा प्रत्येक पाठ वळवली जायची आणि मॅट्रन उघडून बघायच्या. ते वळवणं आणि बघणं आपण सोडलं आणि पावडर तेवढी ठेवली. त्या आजींच्या घरात मी हेच पाहिलं.

स्पिरिटने त्वचेतलं तेल उडतं. पावडर घामात भिजून वाळूसारखी घासते. आणि लाल झालेल्या जागी चोळलं तर आत आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी तुटतात. लाल डागावर बोट तीन सेकंद दाबून उचला. जागा क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली तर तिथला रक्तपुरवठा चालू आहे, भार काढला की ती सुधारते. दाबूनही लालच राहिली तर आत इजा झाली, बेडसोअरची पहिली पायरी तीच. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून शेजारच्या जागेशी ताडून बघायचं: जास्त गरम आहे का, टणक आहे का, पिलपिलीत आहे का, हात लावल्यावर माणूस दचकतो का.

मध्ये भोक असलेली गोल रबरी गादीही नको, आणि हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवतात तेही नको. भोकाच्या कडेवर दाब येतो. टाचेसाठी उशी पोटरीखाली लांबवर द्यायची, टाच हवेत राहिली पाहिजे, चादर आणि टाच यांच्यात कागद सरकला पाहिजे.

निवृत्त_इनचार्ज

पटलं. मॅट्रनबाई आज असत्या तर त्यांनीही ऐकलं असतं.

मेघना_लीड्स

मी इथे इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इथे उचलायला होइस्ट आहे, सरकवायला घसरती चादर आहे, दोघींशिवाय कुणाला हलवायचं नाही हा नियम आहे. तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष तोंडाकडे होतं, इथेही. म्हणून तेवढंच लिहिते.

अंथरुणातल्या माणसाला न्यूमोनिया होतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते. दात नसले तरी हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू साफ करायचीच. बसवता येत असेल तर बसवून, नाहीतर उशाकडची बाजू वर करून, गिळता येत नसेल तर कुशीवर, तोंड खाली झुकलेलं, गालाखाली टॉवेल आणि लाळ-पाणी पडायला किडनी ट्रे (वाकडा पसरट ट्रे). लहान मुलांचा मऊ ब्रश, पाण्यात बुडवून झटकलेला. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी किंवा त्याहून कमी, फेस होईल इतकी नाही. चमच्याने पाणी ओतून चूळ भरायला लावायची नाही, ते सरळ श्वासनळीत जातं. आणि बोट दातांमध्ये घालायचं नाही. माणूस दुखवायला चावत नाही, पण जबडा घट्ट मिटतो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना पूर्वी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसत. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते टाळायला सांगितलं आणि ब्रशने दात घासण्यावर भर दिला. साधा ब्रश!

कवळी रात्री काढायची, बेसिनमध्ये टॉवेल घालून त्यावर धुवायची म्हणजे पडली तर फुटत नाही, साध्या गार पाण्यात ठेवायची. उकळतं पाणी घातलं की वाकडी होते, मग ती बसत नाही आणि माणूस जेवत नाही. ऑक्सिजन लावलेल्याच्या ओठांना पेट्रोलियम जेली लावू नका, पेट घेण्याचा धोका. पाण्यावर आधारित जेल मिळतं ते लावा.

स्मृतिभ्रंश झालेल्यांबद्दल एक अनुभव. एक आजोबा आंघोळीला नेलं की मारायचे. त्यांच्या मुलीकडून कळलं, त्यांनी आयुष्यभर शॉवर घेतलाच नव्हता, वरून पाणी पडलं की ते घाबरत. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, खांद्यावर गरम टॉवेल टाकला, पायांपासून सुरुवात केली, डोकं शेवटी. त्या दिवसापासून मारणं बंद. आपल्याकडे हे सोपं आहे खरं तर. बादली-तांब्या, ओळखीचा साबण, ओळखीची वेळ. जे ते पन्नास वर्षं करत आले तसंच करा. आणि एखाद्या दिवशी नाहीच म्हणाले तर चेहरा, हात, काखा आणि गुप्तांग पुसून सोडून द्या. धरून आंघोळ घालू नका. उद्या तो तुम्हाला जवळही येऊ देणार नाही.

सुलभा_प

मधुमेह असेल त्यांच्यासाठी. माझ्या सासऱ्यांचे पाय गार पडतात म्हणून दिराने रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी दोन्ही तळव्यांना फोड. त्यांना कळलंच नाही. एक अंगठा गेला. पाय पाण्यात भिजत ठेवू नका, बेचक्या कोरड्या करा, तेल-क्रीम तळव्याला आणि टाचेला, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल खोदू नका. इतकंच. मला यावर जास्त लिहवत नाही.

राधिका_केअरटेकर

मी ब्युरोतून काम करते. चोवीस तासांची ड्युटी, महिन्याला दोन सुट्ट्या. वैजूताईंनी त्या मुलीला काही बोलले नाही म्हणून मला बरं वाटलं, म्हणून लिहायला बसले. आम्हाला ट्रेनिंग म्हणजे तीन दिवस. डायपर कसा घालायचा, बीपी मशीन कसं लावायचं. वळवायचं कसं ते बाहुलीवर एकदा दाखवलं. बाहुली चार किलोची.

घरी गेल्यावर हातमोजे मागितले तर म्हणतात, आमच्या आईला काय रोग आहे का? एक जोडी दोन दिवस वापरायला सांगतात. त्याच मोज्यांनी शी काढायची आणि त्याच मोज्यांनी नळीतून दूध द्यायचं. मला हे चूक वाटतं पण बोलले तर ब्युरोला फोन जातो. माझी कंबर धरलीय. तेविसावं चालू आहे मला.

वैजूताई

राधिका, तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. घरच्यांनी हे वाचावं म्हणून सांगते.

मोजा शी काढल्यावर लगेच टाकायचा, उलटा करून, आणि टाकल्यावरही हात साबणाने धुवायचे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने) २० ते ३० सेकंद. मोज्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, काढताना मनगटाला घाण लागते. जुलाब चालू असतील तर हँडरबवर विसंबू नका, साबण-पाणीच. आणि मोजा रोगामुळे मागत नाहीत, तो दोघांच्या रक्षणासाठी असतो. शंभर मोज्यांचा डबा एका जखमेच्या ड्रेसिंगच्या महिन्याभराच्या खर्चापुढे काहीच नाही. घरच्यांना हेच गणित दाखव, पटतं.

कंबरेसाठी: पलंग तुझ्या कमरेइतका उंच हवा. पायांखाली विटा लावून चारही बाजू सारख्या उंच करून घे, पण हलतोय का ते बघ, आणि पलंगाला कठडा असेल तरच. वाकून काम करू नकोस, एक पाय पुढे ठेवून गुडघे वाकव. रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, त्यात त्याच्या पाठीची कातडी चादरीला घासून सोलते आणि तुझी कंबर जाते. कमरेखाली आडवी घडी केलेली चादर घाल, दोघांनी दोन कडा धरून उचलून सरकवा. दुसरं माणूस घरातलं बोलव. "काका, दोन मिनिटं चादर धरता का?" एवढं म्हणायला घाबरू नकोस. एकटीने करायचं काम नाहीच ते.

पारिजात

ताई, काल पहिल्यांदा आईला नीट डाव्या-उजव्या कुशीवर घेतलं. पाठ चांगली आहे. पण डाव्या टाचेवर रुपयाएवढा डाग. दाबला तर पांढरा होत नाही. घाबरले आहे.

वैजूताई

घाबरू नका, वेळेत दिसलाय. चोळायचा नाही, तेलही चोळायचं नाही. आत्ताच उशी पोटरीखाली, टाच हवेत. डाग पेनाने कडेने आखून ठेवा म्हणजे वाढला तर कळेल. आज डॉक्टरांना दाखवा किंवा फोटो पाठवा, कारण पक्षाघातात पायाचा रक्तप्रवाहही तपासायला हवा. फोड आला, काळं पडलं किंवा पाणी सुटलं तर थांबायचं नाही.

गिरणाकाठ

साडेनऊची वेळ जमली. तीन दिवस झाले. आईने आज कापड माझ्या हातातून स्वतः मागून घेतलं.

पारिजात

डॉक्टरांनी पाय बघितला, नाडी लागते म्हणाले. पाच दिवस उशी पोटरीखाली आहे, आखलेल्या रेषेच्या आत डाग फिका झालाय. आता प्रश्न केसांचा. मार्चपासून नुसते पुसतेय. डोकं अंथरुणातच कसं धुवायचं?

वैजूताई

मोठं टॉवेल लांबट गुंडाळून घोड्याच्या नालासारखं वळवा, उघडी बाजू पलंगाच्या कडेला. त्यावर स्वच्छ जाड प्लास्टिक पसरा, मधे खळगा होतो आणि कडेने पन्हळ. प्लास्टिकचं टोक खाली बादलीत सोडा. आईला पलंगाच्या कडेला आडवी आणून मान त्या गुंडाळीवर टेकवा, मानेखाली आणखी छोटा टॉवेल, मान मागे लटकू द्यायची नाही. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर कोरडा रुमाल. आदल्या रात्री तेल लावून गुंता बोटांनी सोडवून ठेवा, टोकांकडून मुळांकडे. तांब्याने थोडं थोडं पाणी, शाम्पू पाण्यात विरघळवून. दहा मिनिटांत उरका, ती दमेल. दुपारी ऊन असताना करा, आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय पंखा लावू नका. धुताना कानामागे आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बोटं फिरवून बघा, तिथेही दाब येतो.